एक शतांश जास्त

कंपासपेटीतल्या कोनमापकाने त्रिकोणाचे तिन्ही कोन मोजले तर बेरीज एकशे ऐंशी येत नाही. कधी १७८ येते, कधी १८३. पेन्सिल बोथट असते, कोनमापकावरचे आकडे झिजलेले असतात, वहीचं पान बाकाच्या फटीवर खालीवर होतं. असं असूनही नोकरीच्या पहिल्या चौदा वर्षांत तपासलेल्या एकाही वहीत मला १७८ दिसले नाहीत. झाडून सगळ्या वह्यांत १८०. मुलं दोन कोन मोजायची आणि तिसरा वजाबाकी करून लिहायची. मला हे ठाऊक होतं, कारण शाळेत असताना मीही तेच करत होते. तरी मी बरोबरची खूण करत राहिले.

१९९४ साली मी माण तालुक्यातल्या एका हायस्कूलला गणितासाठी लागले. सातारा जिल्ह्याचा हा दुष्काळी पट्टा. मुलं बाजरी पिकवणाऱ्यांच्या आणि मेंढरं राखणाऱ्यांच्या घरातली, तोंडी हिशोबाला पक्की. बाजारात शेरडाचा सौदा बोटांवर पेलणारा पोरगा वर्गात भूमितीचं पान उघडलं की मुका व्हायचा. पक्ष, साध्य, सिद्धता हे तीन शब्द तो श्लोकासारखे म्हणायचा आणि मधला मजकूर पाठ करायचा. ‘जे दिसतंय तेच सिद्ध का करायचं?’ असं त्याने मला कधी विचारलं नाही. विचारलं असतं तर माझ्याकडे धड उत्तर नव्हतं.

२००८ साली सरकारी योजनेतून आमच्याकडे दहा संगणक आले. शाळेत पडदे असलेली ती एकमेव खोली. बाहेर चपलांची रांग लागायची आणि आत गेल्यावर मुलं देवळात बोलावं तसं हळू बोलायची. संगणक हा वेगळा विषय होता. त्यात मुलं माउसचं चित्र काढून त्याच्या भागांना नावं द्यायची, आणि खरा माउस शेजारी प्लॅस्टिकच्या आच्छादनाखाली गप्प पडलेला असायचा. किल्ली ऑफिसात. मी गणितासाठी खोली मागितली तेव्हा मुख्याध्यापकांनी सरळ विचारलं, “मॅडम, बोर्डाच्या पेपरला माउस देणारायत का?” मग आठवड्यातून दोन तास मिळाले, तेही भारनियमनाच्या वेळापत्रकाला सांभाळून. वीज सकाळी असेल त्या आठवड्यात पहिला तास गणिताचा, दुपारी असेल तर जेवणाच्या सुट्टीनंतरचा. मराठीच्या सरांनी दोन वर्षं तासांची अदलाबदल करून दिली. ती दिली नसती तर पुढचं काहीच घडलं नसतं.

साताऱ्याला झालेल्या एका प्रशिक्षणात मला पेन ड्राइव्हवर जिओजेब्रा मिळालं होतं. मार्कुस होहेनवार्टर नावाच्या विद्यार्थ्याने २००१ साली ऑस्ट्रियातल्या साल्झबुर्ग विद्यापीठात पदव्युत्तर प्रबंधासाठी ते तयार केलं. जिऑमेट्री आणि अल्जिब्रा यांची नावं जोडून त्याचं नाव झालं. ते फुकट होतं आणि इंटरनेट नसलं तरी चालायचं. आमच्यासारख्या शाळेला या दोन गोष्टी त्याच्या इतर सगळ्या गुणांहून मोठ्या होत्या. वापरायला मी एकटीच शिकले, रात्री, घरच्या संगणकावर, चुका करत. मुंबईच्या आयआयटीच्या स्पोकन ट्यूटोरियल प्रकल्पाचे धडे मला फार उशिरा सापडले. आधी सापडते तर माझे दोन उन्हाळे वाचले असते.

पहिल्या तासाला मी नववीला त्रिकोण काढायला लावला. तीन बिंदू टिचकले, त्रिकोण झाला, तिन्ही कोनांची मापं आपोआप शेजारी उमटली. आता एक शिरोबिंदू धरा आणि ओढा, असं सांगितलं. एका संगणकाभोवती चार-पाच डोकी. त्रिकोण पसरतो, आखडतो, मापं भराभरा बदलतात. एका मुलाने शिरोबिंदू ओढत ओढत थेट पायावर आणून ठेवला. कोन झाले शून्य, शून्य आणि एकशे ऐंशी. “मॅडम, आता ह्यो त्रिकोन हाय का न्हाय?” चौदा वर्षांत वर्गातून आलेला तो पहिला खरा भूमितीचा प्रश्न. फळ्यावरचा त्रिकोण असा मरेपर्यंत ओढता येत नाही.

पण मला सांगायचं आहे ते पुढच्या आठवड्यातलं. दुसऱ्या ओळीतल्या एका मुलीने पडद्यावरची मापं वहीत उतरवून घेतली होती: ४८.३४, ६१.३३ आणि ७०.३४. तिने बेरीज केली आणि हात वर केला. “मॅडम, ह्ये एकशे ऐंशीच्या वर चाललंय.” मी बेरीज पाहिली. १८०.०१. पुन्हा केली. तीच. तिथेच संगणकाला तिन्ही कोनांची बेरीज विचारली तर तो म्हणाला १८०.

मी घाबरले, हे कबूल करते. वर्ग माझ्याकडे बघत होता. तोंडावर आलेलं वाक्य होतं, ‘अगं, ते तेवढं चालतं.’ माझ्या बाईंनी मला हेच सांगितलं होतं आणि त्याच दिवसापासून मी तिसरा कोन वजाबाकीने लिहायला लागले होते. मी वाक्य गिळलं आणि उद्या सांगते म्हटलं.

कारण अवघड नाही, घरी जाऊन दहा मिनिटांत लागलं. संगणकाकडे माप असतं ४८.३३६, ते तो दाखवतो ४८.३४. ६१.३२७ चे दाखवतो ६१.३३, आणि ७०.३३७ चे ७०.३४. तिन्ही वेळा आकडा वरच्या बाजूला ढकलला गेला आणि बेरजेत एक शतांश जास्त आला. दुसऱ्या दिवशी दशांशस्थळं वाढवून दाखवली. पाच स्थळं घेतली. एका गटाने त्रिकोण ओढून ओढून तिथेही १८०.००००१ गाठलंच. मग त्या मुलीने विचारलं, “म्हंजे मोजून कधीच खात्री हुणार न्हाय?”

नाही होणार, म्हटलं. मग मी संगणकाकडे पाठ फिरवून फळ्यावर त्रिकोण काढला, शिरोबिंदूतून पायाला समांतर रेषा काढली आणि व्युत्क्रम कोन दाखवले. तीन कोन एका सरळ रेषेवर येऊन बसले. कोनमापक नाही, दशांश नाही, कोणताही त्रिकोण असो. हीच सिद्धता मी त्याआधी चौदा वेळा शिकवली होती आणि मुलांनी ती चौदा वेळा पाठ केली होती. त्या दिवशी पहिल्यांदा मला वाटलं की मुलं ती माझ्याकडे मागत आहेत.

तेव्हापासून गणिताच्या तासाला संगणक घेऊन जाताना मी एकच बघते: यातून मुलाला आपण पाहिलं ते खरं सांगायची मोकळीक मिळते का? वहीत चूक झाली की लाल शाई येते, म्हणून मुलं पाहिलेलं लपवतात. पडद्यावर लाल शाई नसते.

लोगोमधलं कासव याला फार उपयोगी पडलं. ही भाषा जुनी आहे, १९६७ सालची. सेमूर पेपर्ट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अमेरिकेत मुलांसाठीच बनवलेली. कासवाला सांगायचं, शंभर पावलं पुढे जा, उजवीकडे अमुक अंश वळ, की ते मागे रेघ सोडत जातं. समभुज त्रिकोण काढा म्हटलं की प्रत्येक मूल आत्मविश्वासाने साठ अंश देतं, कारण पुस्तकात समभुज त्रिकोणाचा कोन साठचा आहे. कासव तिसऱ्या बाजूलाही मूळ जागी येत नाही. ते चालतच राहतं आणि सहाव्या बाजूला येऊन मिळतं. झाला षटकोन. मग आम्ही मैदानावर गेलो, फक्कीने त्रिकोण आखला, एकाला त्यावरून चालायला लावलं आणि बाकीच्यांनी त्याच्या खांद्याकडे बघितलं. कोपऱ्यावर त्याचं अंग साठात वळत नव्हतं, एकशेवीसात वळत होतं. बाह्यकोन म्हणजे काय, हे नंतर फळ्यावर सांगायची गरजच उरली नाही. फळ्यावर सांगून ते कधी कळतही नव्हतं.

आणखी एक खेळ मी दरवर्षी दहावीत खेळते. वर्तुळावर बिंदू घ्यायचे, प्रत्येक बिंदू इतर सगळ्यांना जोडायचा आणि वर्तुळाचे किती तुकडे पडले ते मोजायचं. दोन बिंदूंना दोन तुकडे. तीनला चार, चारला आठ, पाचला सोळा. सहाला किती? सगळा वर्ग ओरडतो, बत्तीस! मग काढा आणि मोजा. मोजतात तर एकतीस. पुन्हा मोजतात, एकतीस. एका वर्षी एका गटाचे तीसच आले आणि भांडण लागलं. त्या मुलींनी नियमित षटकोनाचं साधन वापरलं होतं. त्यात तीन लांब कर्ण बरोबर केंद्रातून जातात आणि मधला चिमुकला त्रिकोण नाहीसा होतो. शेजारच्या गटाने आपला एक बिंदू हळूहळू सरकवून तोच त्रिकोण मिटवून दाखवला, एकतीसचे तीस झाले. हे चालू असताना मागच्या बाकावरचा एक मुलगा बत्तीसवर ठाम होता. त्याने मोजलेच नव्हते. तो माझ्याच वर्गात सहावीपासून शिकलेला. त्यामुळे त्याला काही बोलायला मला तोंड नव्हतं.

एकतीस का, याचंही उत्तर आहे आणि ते दहावीच्या मुलाला कळतं. जीवा एक एक करून काढत गेलो तर प्रत्येक नवी जीवा एक तुकडा वाढवते, आणि वाटेत जितक्या जीवांना वेगवेगळ्या ठिकाणी छेदते तितके आणखी. सहा बिंदूंच्या पंधरा जीवा आणि आत पंधरा छेदनबिंदू. मुळातलं एक अखंड वर्तुळ धरून एकतीस.

आता याच्या उलटही सांगायला हवं, कारण संगणकाने आमच्या शाळेत जेवढं भलं केलं त्याहून जास्त वेळ वाया घालवला आहे. मध्यंतरी देणगीतून डिजिटल वर्गखोली आली. भला मोठा पडदा आणि त्यासोबत सगळ्या इयत्तांचे तयार धडे. त्यात एक बाहुली येते, गोड आवाजात प्रमेय सांगते, रेषा आपोआप उमटतात, शेवटी टाळ्या वाजतात. मुलं सिनेमाला बसावं तशी शांत बसायची. पालक खूश, भेटीला आलेले अधिकारी खूश. मी घड्याळ लावून पाहिलं, त्या पस्तीस मिनिटांत एकाही मुलाने हात वर केला नाही. शिरोबिंदू ओढायला मुलांच्या हातात काही नव्हतंच. एका धड्यात तर मध्यगेच्या जागी शिरोलंब काढला होता. ज्यांनी धडे विकले त्यांना मी पत्र लिहिलं. उत्तर आलं नाही, पण पुढच्या वर्षी नूतनीकरणाचं बिल वेळेवर आलं. चुकीचा धडा मी मात्र अजून दाखवते, ‘चूक शोधा’ म्हणून. त्या बाहुलीचा तेवढा एकच उपयोग मला झाला आहे.

मग २०२० आलं. मार्चमध्ये शाळा बंद झाली आणि ज्या मोबाइलला आम्ही वर्गात बंदी घातली होती त्याच मोबाइलच्या मागे लागून शिकवायची वेळ आली. जिओ आल्यापासून, म्हणजे २०१६ नंतर, डेटा स्वस्त झाला होता, पण स्वस्त डेटा घरात फोन किती आहेत हे बदलत नाही. बहुतेक घरांत एक. तो वडिलांच्या खिशात, आणि वडील दिवसभर रानात नाहीतर गाडीवर. माझा तास रात्री नऊला सुरू व्हायचा. वहीच्या पानांचे फोटो यायचे, तिरपे, अंधारातले, कोपऱ्यात भाकरीची परात. मी आवाजात चुका सांगायचे. कान धरून सांगावं तसं, “तिसरी ओळ बघ, चिन्ह बघ.” काही मुलांशी माझं एकेकट्याने बोलणं झालं ते त्याच वर्षी. साठ जणांच्या वर्गात ते कधी झालं नव्हतं.

त्याच काळात वर्गसमीकरणांच्या वह्या अचानक निर्दोष यायला लागल्या. मी अवयव पाडायला शिकवलं होतं आणि जिथे अवयव सरळ पडत होते तिथेही सगळ्यांनी सूत्र वापरलेलं. पायऱ्या इतक्या नीट की आमच्या गावच्या नव्हत्याच. फोटो काढला की गणित सोडवून देणारं ॲप गावात पोचलं होतं. मी रागावले नाही असं नाही. पण विचार केल्यावर वाटलं, जे काम फोन दोन सेकंदांत करतो ते मी मुलांकडून वीस वेळा का करून घेते? मग मी प्रश्न उलटे द्यायला लागले. मुळं २ आणि -५ आहेत, समीकरण तुम्ही तयार करा. एकाने सोडवलेलं चुकीचं गणित देते, चूक कुठे ते सांगा. आयताचं क्षेत्रफळ दिलं आहे, उत्तर ऋण आलंय, ते का टाकायचं? यातही मुलं ॲप वापरतात, पण ॲपशी भांडायला लागतात. ते मला चालतं. जिथे हात बसायलाच हवा, तिथे फोन बाजूला ठेवून मी आजही वीस गणितं करून घेते. पाढ्यांच्या बाबतीत तर मी अजिबात ऐकत नाही.

फोनमध्ये मी मुलांना आणखी एक गोष्ट शिकवली, ती म्हणजे तक्त्यात हिशोब मांडणं. गावात बचत गट आहेत, महिन्याला शेकडा दोनने आतलं कर्ज देतात. दहावीच्या एका मुलाने आईच्या गटाचं कर्ज मांडलं. दहा हजार, दर महिन्याला दोन टक्के, खाली खाली ओढत गेला. बाराव्या ओळीला त्याला धक्का बसला. चोवीस टक्के नव्हते, जवळजवळ सत्तावीस होते. पस्तिसाव्या ओळीला रक्कम आली १९,९९८ रुपये ९० पैसे. दुपटीला एक रुपया दहा पैसे कमी. आईला फसवलं जातंय अशी त्याची खात्रीच झाली आणि तो गटाच्या बैठकीत जाऊन उभा राहिला.

दुसऱ्या दिवशी आई शाळेत आल्या. “मॅडम, पोराला काय शिकवलंय? आमी दर म्हैन्याला बैठकीत व्याज भरतूच की. साठतंय कुठं?” त्यांचं म्हणणं बरोबर होतं. व्याज महिन्याच्या महिन्याला भरलं जात असेल तर त्यावर व्याज चढत नाही. तक्ता गणितात चोख होता आणि गटाच्या बाबतीत चुकला होता. मी मुलाला बोलावून घेतलं आणि तिघांनी बसून दुसरा रकाना मांडला, भरलेल्या व्याजाचा. मग आईच म्हणाल्या, “ह्यो पैला रकाना सावकाराचा हाय. त्येच्याकडं असंच चढतंय.” त्यांना तक्ता वाचायला पाच मिनिटं लागली. चक्रवाढ व्याजावरचा माझ्या आयुष्यातला सगळ्यात चांगला तास त्यांनी घेतला.

आता आमच्या पुस्तकात प्रकरणाच्या सुरुवातीला क्यूआर कोड असतात, दीक्षावर धडे आहेत, हवं ते प्रमेय हव्या त्या भाषेत सांगणारे व्हिडिओ आहेत. त्यातले पुष्कळसे माझ्याहून चांगलं सांगतात. नवे शिक्षक मला विचारतात, यातलं कोणतं वापरायचं. मी त्यांना सांगते, आधी मुलांच्या हातात कोनमापक द्या आणि खोटं लिहू नका म्हणून सांगा. जे येईल ते लिहा. मग संगणक उघडा.

माझी नोकरीची थोडी वर्षं उरली आहेत. २००८ चे ते दहा संगणक केव्हाच भंगारात गेले. यंदा सहावीच्या वह्या तपासायला माझ्याकडे आल्या होत्या. एका मुलाने तीन कोनांची बेरीज लिहिली होती १७८, आणि खाली बारीक अक्षरात: माझा कोनमापक दादाचा आहे, त्याचा कोपरा तुटला आहे. मी पूर्ण गुण दिले.